रेग्युलर की सुपर? : पेट्रोलच्या टाकीतला हिशेब

मंडळी, आपल्या न्यू जर्सीत गाडीतून उतरून स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने मनाई आहे. कायदा १९४९ सालचा. अशी मनाई असलेले आता आपले एकच राज्य उरले आहे. आपण काच खाली करून बसून राहायचे, पंपावरचा माणूस खिडकीशी येतो आणि विचारतो, "रेग्युलर?"

प्रश्न साधाच आहे, पण नवी गाडी घेतल्यानंतरची पहिली चार वर्षे तो मला उगाचच टोचत असे. आयुष्यातली पहिली कोरी गाडी, तिच्यावर पाच वर्षांचे कर्ज, आणि तिच्या पोटात ‘रेग्युलर’ घालायचे? मी मान हलवून सांगत असे, "नो, सुपर." इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला इंजिनाची सगळी आवर्तने पाठ करून मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. पंपावर मात्र त्यातले एक अक्षर आठवले नाही.

ह्या सवयीपायी आमच्या घरातून किती डॉलर गेले, आणि नंतर ती सुधारण्याच्या उत्साहात मी एका स्नेह्याला कसा चुकीचा सल्ला दिला, ह्या दोन्ही गोष्टी सांगण्यासाठी हा लेख आहे. (इथे सगळे ‘गॅस’ म्हणतात. मी आपला पेट्रोलच म्हणणार आहे. विजेची गाडी घेतलेल्या मंडळींनी हे पान उलटले तरी चालेल.)

हा समज आला कुठून?

महाग पेट्रोल म्हणजे चांगले पेट्रोल, हा समज आपल्यापैकी अनेकांनी तिकडूनच आणला आहे आणि तिकडे तो अगदीच चुकीचा नव्हता. आपल्या लहानपणी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळल्याच्या बातम्या नेहमी वाचायला मिळत. रॉकेल स्वस्त, त्यामुळे मिसळणाऱ्याचा फायदा. पण त्याने इंजिन टकटक करू लागे आणि प्लगवर काजळी धरे. म्हणून ‘चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण खात्रीच्या पंपावरच भर,’ असे वडीलधारी मंडळी सांगत. पुढे तिकडच्या पंपांवर ‘स्पीड’, ‘पॉवर’ अशा झोकदार नावांची महाग पेट्रोले आली आणि तो समज आणखी पक्का झाला.

इथे गोष्ट वेगळी आहे. इथले ८७ हे भेसळीचे ९३ नव्हे. दोन्ही आपापल्या ठरलेल्या कसोटीला उतरलेली पेट्रोले आहेत. पंपावर जो पिवळा चौकोन चिकटवलेला असतो त्यावर हा आकडा लिहिणे फेडरल सरकारच्या नियमाने १९७९ पासून बंधनकारक आहे. तो आकडा शुद्धतेचा नाही, ताकदीचाही नाही. मग कशाचा?

ऑक्टेन म्हणजे काय?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण येते. पिस्टन वर येऊन ते दाबतो. दाबले की ते तापते. ऐन वेळी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, ज्योत एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत जाते आणि तिच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. सगळे सुरळीत चालले म्हणजे हे जळणे फुलबाजीसारखे असते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, क्रमाने.

कधी कधी असे होते की ज्योत पोचण्याआधीच पलीकडच्या कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेते. तिथे फुलबाजीऐवजी लवंगी फटाका वाजतो. ह्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हे फार दिवस आणि जोरात चालले तर पिस्टनला इजा होते.

पेट्रोल असे आपोआप पेटण्याला किती विरोध करते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. ही मोजपट्टी १९२०च्या दशकात ठरली. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव नॉकिंगला चांगला विरोध करतो, त्याला १०० गुण दिले. हेप्टेन लगेच नॉक करतो, त्याला शून्य. ८७ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ८७ भाग आयसो-ऑक्टेन आणि १३ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. मोजण्याच्या पद्धती दोन आहेत, ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’, आणि अमेरिकेत त्या दोन्हींची सरासरी पंपावर लिहितात. भारतात आणि युरोपात फक्त ‘रिसर्च’चा आकडा लिहितात, जो चार-पाच गुणांनी मोठा येतो. म्हणून भारतात साध्या पेट्रोलवर वर्षानुवर्षे जो ९१ आकडा असे, तो इथल्या जवळजवळ ८७ इतकाच होता. ‘तिकडे साध्या पेट्रोललाही ९१ असते आणि अमेरिकेत ८७ देऊन फसवतात,’ ही तक्रार मी स्वतः एका पार्टीत केलेली आहे. ती मागे घेतो.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की जास्त ऑक्टेनचे पेट्रोल जास्त जोरात जळत नाही, उलट ते सहजासहजी स्वतःहून पेटत नाही. एका गॅलनमध्ये असलेली उष्णता रेग्युलर आणि सुपर दोन्हींत जवळपास सारखीच असते. ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते, किंवा टर्बोने हवा कोंबली जाते, त्या इंजिनाला हा संयमी स्वभाव लागतो. ज्या इंजिनात तेवढा दाबच नाही, त्याला त्या संयमाचा काही उपयोग नाही.

बाबांची वही

हे सगळे पुस्तकी झाले. प्रत्यक्षात काय होते ते पाहण्याचा योग बाबांमुळे आला. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. एकदा पंपावर मी "सुपर" म्हणालो आणि पाटीवरचे दोन भाव बाबांनी वाचले. रेग्युलर ३ डॉलर १० सेंट, सुपर ४ डॉलर.

"अरे, गॅलनमागे नव्वद सेंट जास्त कशाचे?"

"बाबा, ते चांगलं असतं इंजिनाला."

"ॲव्हरेज किती देते त्यावर?"

मला सांगता येईना. चार वर्षांत मी कधी मोजलेच नव्हते. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या बजाज चेतकची पेट्रोलची वही वीस वर्षे चालू होती: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉलर स्टोअरमधून एक वही आणवली आणि माझ्या गाडीतल्या खणात ठेवून दिली.

पद्धत त्यांचीच. टाकी दरवेळी फुल करायची. पंपाची नळी पहिल्यांदा ‘टक्’ करून थांबली की तिथेच थांबायचे. वरून आणखी दाबून भरू नका, असे त्या माणसाला सांगायचे. शक्यतो पंप तोच. पुढच्या वेळी टाकी फुल केली की मधले मैल भागिले भरलेले गॅलन, हे झाले ॲव्हरेज. गाडीच्या पडद्यावर येणाऱ्या आकड्यावर विसंबायचे नाही. आधी चार टाक्या रेग्युलर, मग चार सुपर, पुन्हा चार रेग्युलर, पुन्हा चार सुपर. प्रत्येक बदलानंतरची पहिली टाकी धरायची नाही, कारण तिच्यात जुने पेट्रोल मिसळलेले असते. एप्रिलमध्ये सुरुवात केली आणि सप्टेंबरमध्ये संपवले, म्हणजे हिवाळा मध्ये आला नाही. थंडीत ॲव्हरेज तसेही उतरते. गाडी चार सिलिंडरची, टर्बो नसलेली साधी सेदान. रस्ता रोजचाच, ऑफिस आणि घर.

शेवटी वहीत हे आकडे आले:

रेग्युलर (८७) : ६ टाक्या, २,१४८ मैल, ७१.९ गॅलन. गॅलनला २९.९ मैल.
सुपर (९३) : ६ टाक्या, २,१२१ मैल, ७०.६ गॅलन. गॅलनला ३०.० मैल.

फरक एक दशांश मैलाचा. आणि एकाच पेट्रोलच्या दोन टाक्यांमध्ये कधी २८.१ तर कधी ३१.४ असा तीन मैलांहून जास्त फरक पडत होता, रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणे. तेव्हा ह्या एक दशांशाला काहीही अर्थ नाही. माझ्या गाडीला दोन्ही पेट्रोले सारखीच होती.

मैलाचा भाव

आपण नेहमी गॅलनला किती मैल ते विचारतो. खिशाच्या दृष्टीने खरा प्रश्न एका मैलाला किती सेंट पडले हा आहे. ३१० सेंट भागिले २९.९, म्हणजे रेग्युलरने मैलाला १०.४ सेंट. ४०० भागिले ३०, म्हणजे सुपरने १३.३ सेंट. दर मैलाला सुमारे तीन सेंट जास्त. वर्षाला १२,००० मैल धरले तर एका गाडीमागे जवळजवळ ३५५ डॉलर. घरात दोन गाड्या असतील तर ७०० च्या वर. हे पैसे एकदम जात नाहीत, टाकीमागे दहा-अकरा डॉलर जातात, म्हणून कळत नाही.

एक सोपा नियम सांगतो. सुपर जितके टक्के महाग, तितके टक्के ॲव्हरेज वाढले तरच बरोबरी होते. वरच्या भावात सुपर २९ टक्के महाग आहे. म्हणजे माझ्या गाडीचे ॲव्हरेज ३० वरून जवळजवळ ३९ वर जायला हवे होते. १९९०च्या दशकात दोन्ही भावांत वीसेक सेंटांचा फरक असे. आता तो कितीतरी रुंदावला आहे, पण तेव्हाची सवय पुष्कळांची तशीच आहे.

माझ्या एका गाडीवरून निष्कर्ष काढू नका. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने, म्हणजे आपल्या ‘ट्रिपल ए’ने, २०१६ साली रेग्युलरवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये सुपर घालून प्रयोगशाळेत तपासणी केली. ताकद, ॲव्हरेज आणि धूर यांपैकी कशातही म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. गरज नसताना सुपर भरून अमेरिकन लोकांनी एका वर्षात २१० कोटी डॉलरच्या वर वाया घालवले, असा त्यांचा अंदाज होता. त्यात माझेही होते.

माझी चूक

एवढे ज्ञान मिळाल्यावर मी गप्प बसलो असतो तर बरे झाले असते. त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची वाटी हातात धरून, मी आठ-दहा जणांना हे आकडे ऐकवले आणि वर सांगून टाकले, "सुपर म्हणजे निव्वळ जाहिरात. सगळ्यांनी बिनधास्त रेग्युलर घाला."

पुढच्या जुलैत आपल्याच मंडळातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा फोन आला. ते सहकुटुंब पोकोनोजला निघाले होते. गाडीत पाच माणसे, सामान, बाहेर प्रचंड ऊन, वर एसी चालू. चढावर इंजिनातून खडखड आवाज येऊ लागला आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला.

"अरे, तू म्हणालास म्हणून गेले दहा महिने रेग्युलर घालतोय मी."

"दादा, पेट्रोलच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय बघता का जरा?"

त्यांनी पाहिले. तिथे स्पष्ट लिहिले होते की ह्या गाडीला प्रीमियमच लागते. त्यांची गाडी सेकंडहँड घेतलेली, टर्बो इंजिनाची. मी सल्ला देताना कोणाची गाडी कोणती, हे विचारलेच नव्हते.

सुदैवाने फार बिघडले नाही. ते हळू चालवत पुढच्या पंपावर पोचले आणि तिथे सुपर भरले. परत आल्यावर मेकॅनिकने सगळे तपासून स्पार्क प्लग बदलले. बिल ४६० डॉलर. प्लग तसेही जुने झाले होते, असे तो म्हणाला. पण ह्या गाडीत ८७ पुन्हा घालू नका, असेही त्याने बजावले. दहा महिन्यांत वाचवलेले सगळे पैसे गेले. शिवाय वहिनी आणि मुले भर उन्हात हायवेच्या कडेला उभी राहिली, ती माझ्या अर्धवट सल्ल्यामुळे. दादा एका शब्दानेही बोलले नाहीत. त्याचेच मला जास्त वाटले.

मॅन्युअलमधले दोन शब्द

तेव्हा आता नीट सांगतो. गाडीबरोबर मिळालेले मॅन्युअल काढा, किंवा पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू पाहा. तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असेल.

१. ८७ किंवा ‘रेग्युलर’. निश्चिंतपणे रेग्युलर घाला. सुपरने काही मिळणार नाही.

२. प्रीमियम ‘रेकमेंडेड’, म्हणजे शिफारस. ह्या गाड्या रेग्युलरवर चालतात. इंजिनावर नॉक सेन्सर असतो. खडखड सुरू होते आहे असे वाटताच गाडीतला संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो. त्याने इंजिन सांभाळले जाते, पण ताकद आणि ॲव्हरेज किंचित उतरते. किती, ते ट्रिपल ए ने २०१७ साली मोजले. सुपर घातल्यावर अशा गाड्यांचे ॲव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी वाढले. सर्वांत जास्त फायदा झालेल्या गाडीत ७.१ टक्के, तर एका गाडीत उलट एक टक्का घट झाली. ताकद सरासरी १.४ टक्के वाढली. वरच्या नियमाने पाहा: २९ टक्के जास्त देऊन सात टक्के मिळाले तरी पैशात तोटाच. मात्र ट्रेलर ओढायचा असेल, भर उन्हात भरल्या गाडीने घाट चढायचा असेल, तर तेवढ्यापुरते सुपर घालण्यात शहाणपण आहे.

३. प्रीमियम ‘रिक्वायर्ड’, म्हणजे सक्ती. इथे काटकसर करायची नाही. संगणक ठिणगी मागे घेतो खरा, पण त्यालाही मर्यादा आहे, आणि चुकीच्या पेट्रोलने झालेले नुकसान वॉरंटीत बसणार नाही असे काही कंपन्या मॅन्युअलमध्येच लिहून ठेवतात. अशा गाडीत चुकून एकदा रेग्युलर गेले तर घाबरू नका. जोरात पळवू नका, आणि जागा झाली की सुपर भरा.

म्हणून नवी-जुनी कोणतीही गाडी घेण्यापूर्वी हा शब्द आधी पाहावा. सेकंडहँड आलिशान गाडी स्वस्तात मिळाली तरी ‘रिक्वायर्ड’ असेल तर दरवर्षीचे तीन-चारशे डॉलर तिच्या किमतीत धरायला हवेत.

मधले ८९ चे पेट्रोल ‘थोडे तरी चांगले’ म्हणून घेणारे पुष्कळ आहेत. मॅन्युअलमध्ये ८९ लिहिले नसेल तर तेही नको. आणि सुट्टीत डेन्व्हरकडे गेलात तर तिथे पंपावर ८५ दिसेल. उंचावर हवा विरळ असल्याने जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ते चालत असे. आजच्या गाडीत मॅन्युअल जे म्हणेल तेच, म्हणजे निदान ८७, घाला.

मग इंजिन स्वच्छ कसे राहणार?

‘सुपरमध्ये इंजिन धुणारी द्रव्ये असतात’ असे ऐकायला मिळते. ती रेग्युलरमध्येही असतात. १९९५ पासून सरकारने सर्वच पेट्रोलमध्ये त्यांचे किमान प्रमाण सक्तीचे केले आहे. हे प्रमाण कमी पडते असे वाटून काही मोटार कंपन्यांनी २००४ साली ‘टॉप टियर’ नावाची आणखी कडक कसोटी सुरू केली. ट्रिपल ए च्या २०१६ च्या एका चाचणीत, ४,००० मैल चालवल्याइतक्या वापरानंतर, टॉप टियर नसलेल्या पेट्रोलने इंजिनाच्या झडपांवर १९ पट जास्त थर साचला. म्हणजे पंप निवडून घ्यावा हा बाबांचा आग्रह रास्तच आहे. फक्त टॉप टियर पंपावर ती द्रव्ये सगळ्याच प्रतींत असावी लागतात, ८७ मध्येसुद्धा. तेव्हा पंप चांगला निवडा आणि त्या पंपावर आपल्या गाडीला लागते तेच भरा.

पैसे खरे कुठे वाचतात

पेट्रोल बदलून जे मिळत नाही ते पायाने मिळते. एकदम ॲक्सिलरेटर दाबणे, एकदम ब्रेक मारणे, अशा चालवण्याने हायवेवर १५ ते ३० टक्के ॲव्हरेज उतरू शकते, असे सरकारचे ऊर्जा खाते सांगते. ताशी ५० मैलांच्या वर गेले की ॲव्हरेज भराभर उतरू लागते. टपावरची सामानाची पेटी हायवेवर ६ ते १७ टक्के खाते. नायगारा ट्रिप संपल्यावर ती महिनोन् महिने टपावर ठेवू नका. चाकांत हवा बरोबर ठेवली तर फायदा थोडा, पण तो फुकटचा आहे आणि टायरही टिकतात. आपल्याकडे रोख आणि कार्डाचे भाव पुष्कळ पंपांवर वेगळे असतात, तेही पाहत जा.

या आठवड्यात एवढेच करा. झाकणाच्या आत काय लिहिले आहे ते वाचा. घरातली दुसरी गाडी जे चालवतात त्यांनाही सांगा. आणि खणात एक वही ठेवा. ॲव्हरेज अचानक घसरले तर गाडीत काहीतरी बिघडले आहे, हे दिवा लागण्याच्या आधी वही सांगते. बाबा पुण्याला परत गेले, पण दर रविवारी फोनवर "किती दिलं ह्या वेळी?" हा प्रश्न ठरलेला आहे. आता मला उत्तर देता येते.

कोणाला आपल्या गाडीबद्दल विचारायचे असेल तर कोजागिरीच्या कार्यक्रमात जरूर भेटा. मात्र आधी मॅन्युअल पाहून या. ह्यापुढे गाडी कोणती हे विचारल्याशिवाय मी कोणालाही सल्ला देणार नाही.